जरा हात वर करायला सांगाल का? : डॉक्टर मंडळींना एक खुलं पत्र

प्रति,
अस्थिरोग, मज्जाविकार, रेडिओलॉजी आणि जनरल प्रॅक्टिस करणारे राज्यातले सर्व डॉक्टर,
तसेच एमआरआय, सोनोग्राफी आणि नर्व्ह कंडक्शनची सेंटर चालवणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

माझ्या दिवाणाखाली साडीच्या दुकानातली एक मोठी पिशवी आहे. तिच्यात मानेचं एमआरआय आहे, मनगटाची आणि कोपराची नर्व्ह कंडक्शन टेस्ट (नसेतून विजेचा संदेश नीट जातो का ते बघणारी) आहे, हाताचं डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, आहे, खांद्याची सोनोग्राफी आहे. थायरॉइड, साखर, बी-ट्वेल्व्ह आणि व्हिटॅमिन डीचे कागद किती आहेत ते मी मोजलेलं नाही. दोन वर्षं आठ महिने ही पिशवी भरत गेली. बहुतेक कागदांच्या तळाशी थोड्याफार फरकानं एकच वाक्य आहे : विशेष काही नाही.

या सगळ्या तपासण्यांत एक गोष्ट सारखी होती आणि ती माझ्या लक्षात फार उशिरा आली. प्रत्येक वेळी माझा हात खाली होता. टेबलावर, मांडीवर, नाहीतर मशीनच्या बोगद्यात अंगालगत. आणि माझा हात दुखायचा तो वर केल्यावर.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. एकोणीस वर्षं खडू हातात आहे. दहावीच्या वर्गात पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता लिहिताना फळ्याच्या वरच्या भागात माझा उजवा हात पहिल्यांदा भरून आला आणि खडू पडला. मुलं हसली, मीही हसले. महिनाभरात मी फळ्याच्या फक्त खालच्या अर्ध्यावर लिहायला लागले. मागच्या बाकावरून ‘बाई, दिसत नाही’ सुरू झालं. घरी मुलीच्या दोन वेण्या घालायचे तर पहिली घट्ट बसायची आणि दुसरी सैल. ‘आई, दुसरी तू रोज ढिलीच घालतेस’ हे तिनं मला सांगितलं. खरं तर रोगाचं पहिलं नीट निरीक्षण तिचंच. दुसऱ्या वेणीपर्यंत हात चार-पाच मिनिटं वर राहिलेला असायचा आणि करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू मुंग्यांनी भरून जायची. वलणीवर साडी टाकताना तेच. एसटीत उभं राहून वरचा दांडा धरला की तेच. हात खाली घेऊन झटकला की काही वेळानं ओसरायचं. अपवाद एकच, बाजाराची जड पिशवी. ती हात खाली असूनही सोसवत नसे.

हे मी जसंच्या तसं सांगत होते. पण ‘हात भरून येतो’ हे आमचं वाक्य आपल्या कागदावर उतरत नाही. तिथं ‘मानदुखी, हाताला मुंग्या’ एवढंच लिहिलं गेलं. काय करताना, किती वेळानं, कोणत्या बोटांना, हे गळून गेलं. पुढच्या प्रत्येक डॉक्टरांनी आधीच्या डॉक्टरांचा कागद वाचला. माझं ऐकायला वेळ कुणाकडे होता? ओपीडीबाहेर साठ माणसं बसलेली असतात, मला दिसत होतं ते. मी काही आकाशातून तक्रार करत नाहीये.

पहिलं निदान स्पॉन्डिलोसिसचं, म्हणजे मानेच्या मणक्यांच्या झिजेचं झालं. मानेचा एक्स-रे बाजूनं काढला, समोरून काढलाच नाही. बाजूच्या फोटोत खांद्याची सावली येते आणि मानेचा सातवा मणका नेमका त्या सावलीत जातो. माझ्या प्लेटवर सहाव्या मणक्यानंतर सगळं पांढरं आहे. त्या पांढऱ्यात काय लपलं होतं ते पुढे सांगते. मग मानेचा पट्टा आला, शेजारच्या काकूंनी स्वतःची खास उशी आणून दिली, फिजिओथेरपीत मानेला ताण देणं झालं आणि त्या ताणानं कळ वाढली. ‘सुरुवातीला वाढतंच’ असं उत्तर मिळालं.

नंतर एमआरआय. पाचव्या-सहाव्या मणक्यामधली चकती थोडी बाहेर आली आहे, असं निघालं. चाळिशीनंतर मानेचं एमआरआय काढलं तर काही ना काही निघतंच. काहीही दुखत नसलेल्या माणसांचंही निघतं, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण त्या जागची चकती ज्या मुळाला टोचते ते अंगठ्याकडे जातं. माझी तक्रार करंगळीकडची होती. भूमितीत आम्ही मुलांकडून पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या क्रमानं लिहून घेतो. माझ्या फायलीत साध्य पहिल्याच दिवशी ठरलं होतं आणि पक्ष कुणी लिहिलाच नव्हता.

त्यानंतर नर्व्ह कंडक्शन. अंगठ्याकडच्या स्नायूचा प्रतिसाद जरा कमी आला म्हणून ‘सौम्य कार्पल टनेल’, म्हणजे मनगटात नस दबली आहे, असा शेरा आला आणि मनगटाच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा सुचवली गेली. शाळेची सहामाही परीक्षा आडवी आली म्हणून ते राहिलं. परीक्षेचे उपकार आयुष्यात पहिल्यांदा मानले. एका ठिकाणी मान वळवून, श्वास रोखून नाडी बघितली गेली. नाडी लागत होती, तेव्हा ‘ते थोरॅसिक आउटलेट वगैरे नाही’ असं सांगण्यात आलं. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो नकारातच. आणखी एका ठिकाणी विचारलं गेलं, ‘घरी काही टेन्शन आहे का?’ बाईच्या फायलीत रिपोर्ट नॉर्मल आले की हा प्रश्न ठरलेला असतो. घरी टेन्शन होतं. या पिशवीचं.

उलगडा झाला तो एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत. निवृत्तीला आलेले एक डॉक्टर होते. त्यांनी पिशवी हातात घेतली आणि न उघडता बाजूच्या स्टुलावर ठेवली. ‘हात कधी भरतो?’ मी म्हटलं, फळ्यावर लिहिताना. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं, पेन दिलं आणि म्हणाले, ‘बाई, तिथं वरच्या कोपऱ्यात नऊचा पाढा लिहा बघू.’ नऊ सक चोपन्नपर्यंत गेले आणि अक्षर वाकडं व्हायला लागलं. मग त्यांनी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत, कोपरात काटकोन करून वर धरायला लावले आणि मुठी उघडझाप करायला सांगितल्या. तीन मिनिटं करायचं असतं. मिनिट पुरं व्हायच्या आत उजवा हात आपोआप खाली आला. डावा चालूच होता. त्यांनी हासळीच्या हाडाच्या (कॉलरबोनच्या) वर, मानेच्या कडेला अंगठ्यानं दाबलं तशी करंगळीपर्यंत लख्ख कळ गेली. शेवटी माझे दोन्ही तळवे शेजारी शेजारी ठेवून ते खिडकीकडे घेऊन गेले आणि म्हणाले, ‘हा खड्डा कधीपासून आहे?’

उजव्या अंगठ्याच्या बुडाशी मांसाचा जो उंचवटा असतो तिथं बाहेरच्या कडेला खोलगट झालं होतं. मी रोज बघत असलेला माझाच हात. दोन वर्षं आठ महिन्यांत दोन्ही तळवे एकाच वेळी कुणी बघितले नव्हते. मीही नाही.

त्यांनी लिहून दिला तो साधा एक्स-रे, मानेचा समोरून, ‘सातवा मणका आणि पहिली बरगडी दिसली पाहिजे’ अशी खाली ओळ ओढून. त्याचा खर्च माझ्या एसटीच्या अर्ध्या तिकिटापेक्षाही कमी होता. त्यात सातव्या मणक्याला उजवीकडे बोटाच्या पेराएवढी जादा बरगडी दिसली. डावीकडे नुसतं टोक लांबलेलं. खाजगीत तोवर मी एकतीस हजारांच्या वर घालवले होते.

म्हणजे नकारात ऐकलेला तो थोरॅसिक आउटलेटच निघाला. आता त्या जागेविषयी थोडं. आपल्याला हे पाठ आहे, पण हे पत्र माझ्यासारखे लोकही वाचतील. हासळीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये एक चिंचोळी वाट आहे. मानेतून निघालेल्या पाच मुळांचं मज्जातंतूंचं जाळं, हाताला रक्त नेणारी रोहिणी आणि रक्त परत आणणारी नीला ही तिन्ही त्या भागातून जातात. हात वर केला की ही वाट आणखी आवळते. जादा बरगडी, तिच्या टोकापासून खाली गेलेला दोरीसारखा पट्टा, मानेच्या कडेचे आखडलेले स्नायू किंवा जुना हासळीचा फ्रॅक्चर असेल तर तिथं काहीतरी दबतं. आपल्या मराठीत गंमत आहे. ‘नस दबली’ म्हणताना आपण मज्जातंतूही म्हणतो आणि रक्तवाहिनीही. डॉक्टर लोक त्याला हसतात. पण या एका आजाराच्या बाबतीत ती मोघम मराठी अगदी बरोबर आहे, कारण त्या वाटेत तिन्हीपैकी काहीही दबू शकतं आणि काय दबलं त्यावर कोणती तपासणी करायची हे ठरतं. शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांत मज्जातंतू दबतात. नीला त्याहून खूप कमी जणांत आणि रोहिणी अगदी थोड्यांत.

या आजाराला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम हे आजचं नाव मिळालं १९५६ साली, पण त्याच्या खूप आधी, १८६१ साली, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात होम्स कूट यांनी एका तरुणीच्या मानेतल्या सातव्या मणक्याचं असं वाढीव हाड शस्त्रक्रियेनं काढलं होतं. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा अजून चौतीस वर्षं होती. त्यांच्याजवळ होते ते हात, डोळे आणि त्या बाईचं बोलणं. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

मान वळवून नाडी बघण्याची तपासणी अॅडसन यांच्या नावानं ओळखली जाते, ती १९२७ची. तिच्याबद्दल माझी विनंती अशी, की तिच्या भरवशावर ‘आहे’ किंवा ‘नाही’ ठरवू नका. पूर्ण निरोगी माणसांचीही नाडी त्या स्थितीत जाते. आणि ज्याचे मज्जातंतू दबलेत त्याची रोहिणी मोकळी असू शकते, मग नाडी जाईल कशाला? माझी गेली नाही. नाडीऐवजी रोग्याला विचारा की या स्थितीत तुला रोज होतो तोच त्रास होतोय का. हात वर धरून तीन मिनिटं मुठी उघडझाप करण्याची पद्धत रूस यांची. तीही एकटी पुरेशी नाही, कारण कार्पल टनेलवाल्याचेही हात त्यात भरून येतात. पण डाव्या-उजव्यातला फरक, कोणती बोटं, किती सेकंदांत, आणि हासळीच्या वर दाबल्यावर काय होतं, हे सगळं जोडून बघितलं तर चिठ्ठीवर काय लिहायचं ते कळतं. याला मशीन लागत नाही. तीन मिनिटं लागतात. ओपीडीत तीन मिनिटं केवढी मोठी असतात तेही मला कळतं. पण त्या तीन मिनिटांच्या बदल्यात माझं एमआरआय वाचलं असतं.

नर्व्ह कंडक्शनवाल्या मंडळींशी मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. आपल्या तक्त्यात मीडियन आणि अल्नर या दोन नसा ठरलेल्या असतात. मनगटात दबलं की पहिली बिघडते, कोपरात दबलं की दुसरी. पण हाताच्या आतल्या बाजूच्या कातडीला, कोपराच्या खाली, संवेदना देणारी एक वेगळी बारीक नस आहे, मीडियल अँटिब्रेकियल क्युटेनियस. ती वरच्या जाळ्यातूनच थेट निघते. कोपरात अल्नर दबली तरी तिला काही होत नाही, मनगटात मीडियन दबली तरी नाही. म्हणून ती बिघडली असेल तर गडबड वर आहे हे कळतं. ती तपासायला नवं यंत्र नको, तेच यंत्र, तीच खुर्ची. फक्त दोन्ही हातांची तपासायची आणि तुलना करायची, कारण ती मुळातच लहान असते आणि एकट्या आकड्यावरून काही कळत नाही. माझ्या पहिल्या रिपोर्टात ती ओळच नव्हती. दुसऱ्यांदा केली तेव्हा उजवीकडचा आकडा डावीच्या निम्माही नव्हता.

आणखी एक. पहिल्या रिपोर्टात अंगठ्याच्या स्नायूचा प्रतिसाद कमी होता, पण त्याच मीडियन नसेची संवेदना अगदी नॉर्मल होती. कार्पल टनेलमध्ये सहसा संवेदना आधी बिघडते, स्नायू मागून. माझ्याकडे नेमकं उलटं होतं आणि त्याचं कारण मानेच्या बुडाशी होतं. कारण अंगठ्याच्या त्या स्नायूंचे धागे पाठीच्या पहिल्या मुळातून येतात, आणि जादा बरगडीच्या पट्ट्यावर सगळ्यात आधी घासतं ते तेच मूळ. उत्तर त्या पहिल्याच कागदावर लिहिलेलं होतं. एक गणिताची बाई म्हणून सांगते, आकडे सगळे बरोबर होते, त्यांची बेरीज चुकली होती.

एवढं सांगितल्यावर हेही कबूल केलं पाहिजे, की या प्रकारच्या बऱ्याच रुग्णांची नर्व्ह कंडक्शन कितीही नीट केली तरी नॉर्मलच येते. माझा स्नायू सुकला होता म्हणून कागदावर दिसलं. ज्यांचं अजून तिथवर आलेलं नाही त्यांच्या फायलीवर कृपा करून ‘काही नाही’ असं लिहू नका. ‘या तपासणीत दिसलं नाही’ असं लिहा. ही दोन वाक्यं सारखी नाहीत.

एमआरआयबाबत लहानशी गोष्ट. ‘मानेचं एमआरआय’ आणि ‘ब्रेकियल प्लेक्ससचं’, म्हणजे वर सांगितलेल्या त्या मज्जातंतूंच्या जाळ्याचं, एमआरआय या वेगवेगळ्या तपासण्या आहेत. चिठ्ठीवर पहिलं लिहिलं तर रेडिओलॉजीचे डॉक्टर मणके बघतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्यांच्या हातात येते ती आमची मान आणि आपले चार शब्द. ‘हात वर केल्यावर करंगळीकडे मुंग्या, जादा बरगडी आहे का?’ एवढं त्या चिठ्ठीवर आलं तर तेच डोळे दुसरीकडे बघतील.

डॉप्लरचं आणखी सोपं. हात खाली ठेवून केलेलं झालं की रोग्याला बसवा, हात वर धरायला सांगा, पुन्हा बघा. फक्त हाही निकाल एकट्यानं वाचू नका, हात वर केल्यावर निरोगी माणसाचाही प्रवाह कमी होऊ शकतो. माझं डॉप्लर पुन्हा केलं ते वेगळ्या कारणानं. बरगडी दिसल्यावर तिच्यावरून जाणारी रोहिणी पुढे फुगलेली नाही ना, हे बघायला. फुगवट्यात गुठळी धरते आणि तिचे कण बोटांपर्यंत जातात. एका हाताची बोटं गार, पांढरी, टोकांना काळे ठिपके, असं दिसलं तर कृपया ‘थंडीनं होतं’ म्हणून परत पाठवू नका.

नीलेबद्दल मात्र घाईचं बोलायचंय. आमच्या गावात तालीम आहे. तिथला एक विशीतला पोरगा, माझाच जुना विद्यार्थी, जोर-बैठका आणि दोर चढण्याच्या मेहनतीनंतर दुसऱ्या दिवशी उजवा हात सुजवून बसला. हात निळसर, खांद्यावर आणि छातीवर शिरा उठून दिसत होत्या. वस्तादांनी चमक भरली म्हणून तेल चोळायला लावलं. दवाखान्यात स्नायू दुखावला म्हणून गोळ्या मिळाल्या. माझी पिशवी नुकतीच उलगडलेली होती म्हणून मला शंका आली आणि त्याच्या वडिलांना सांगून त्याला त्याच दिवशी मोठ्या गावाला पाठवलं. हासळीमागच्या नीलेत गुठळी होती. पॅजेट यांनी १८७५ मध्ये आणि श्रोटर यांनी १८८४ मध्ये हेच वर्णन करून ठेवलं आहे, म्हणजे प्रकार काही नवा नाही. धडधाकट तरुणाचा एकच हात मेहनतीनंतर सुजून निळा पडला तर त्याच दिवशी नीलेचं डॉप्लर झालं पाहिजे. आणि हासळीचं हाड मध्ये येत असल्यामुळे डॉप्लरमध्ये ती जागा कधी कधी दिसतच नाही. मग डॉप्लर स्वच्छ आलं तरी शंका पक्की असेल तर शिरेत औषध सोडून सीटी किंवा एमआर काढायला हवं. गुठळी विरघळवण्याचा उपाय पहिल्या दोन आठवड्यांत जितका लागू पडतो तितका नंतर पडत नाही. त्या पोरानं पाच दिवस तेलात घालवले होते. निभावलं.

आपल्यापैकी काहीजण आता म्हणतील, बाई, असं प्रत्येक मुंग्यांवाल्याला थोरॅसिक आउटलेट म्हणायला लागलो तर उद्या नको त्या बरगड्या काढल्या जातील. खरं आहे. जादा बरगडी साधारण शंभर-दोनशे माणसांत एकाला असते आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. एक्स-रेत बरगडी दिसली म्हणून दुखण्याचा गुन्हेगार सापडला असं होत नाही. या आजाराला ‘हो’ किंवा ‘नाही’ ठरवून देणारी एकच पक्की तपासणी नाही, म्हणून डॉक्टरांमध्येही त्यावरून वाद आहेत हे मी वाचलंय. म्हणूनच मी जास्त तपासण्या मागत नाहीये. माझ्या पिशवीत तपासण्या भरपूर आहेत. ज्यांची गरज नव्हती अशाही आहेत. सोनोग्राफीनं बघत मानेच्या पुढच्या स्केलीन स्नायूत भुलीचं इंजेक्शन देऊन त्रास तात्पुरता थांबतो का हे बघण्याची सोय असते. ऑपरेशनचा विचार करण्याआधी ती करून बघता येते. हे निदान खोडून काढायलाही तिचा उपयोग होतो, आणि खोडून निघालं असतं तर मला वाईट वाटलं नसतं.

विम्याचं दोन ओळींत. एका सेंटरनं दिवसभर ॲडमिट करून तपासण्या उरकू असं सुचवलं, क्लेम होईल म्हणून. झाला नाही. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयनं २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या वगळण्यांच्या यादीत चौथीच नोंद आहे, फक्त तपासणीसाठी ॲडमिट झाल्यास खर्च मिळणार नाही. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण रोग्याला तो सल्ला देताना हा नियमही सांगत जा.

माझं ऑपरेशन गेल्या दिवाळीच्या सुट्टीत झालं. हासळीच्या वरून छेद घेऊन बरगडी आणि तिच्यापासून पहिल्या बरगडीला बांधलेला पट्टा काढला. कळ गेली, मुंग्या कधीतरी येतात. फळ्याच्या वरच्या भागात पुन्हा लिहिते. दोन्ही वेण्या घट्ट बसतात, पण मुलगी आता आठवीत आहे आणि तिला पोनीटेल हवी असते. अंगठ्याच्या बुडाचा खड्डा भरला नाही. तो भरणार नाही हे त्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मज्जातंतू मोकळा झाला की दुखणं थांबतं, सुकलेला स्नायू बहुतेक वेळा परत येत नाही. कुलूप उघडताना किल्ली फिरवायला मी डावा हात वापरते. वर्गात कुणाच्या लक्षात येत नाही.

पिशवी मी टाकलेली नाही. तिच्यातली पहिली प्लेट, बाजूनं काढलेली, सातवा मणका पांढऱ्यात बुडालेला, आणि शेवटची, समोरून काढलेली, बरगडी स्पष्ट, अशा दोन्ही शेजारी धरल्या की दहा सेकंदांत कळतं. दोन्ही नर्व्ह कंडक्शनचे तक्तेही आहेत, एकात ती ओळ नाही, एकात आहे. एखाद्या मेडिकल कॉलेजमध्ये मुलांना शिकवायला उपयोग होणार असेल तर माझं नाव झाकून घेऊन जावं. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारनंतर मी घरी असते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक गणित शिक्षिका
जिल्हा सातारा